धुऱ्यावरची पाहुणी

(सानगडीच्या शिवारात धानाची रोवणी चालू आहे. बायजाबाई गुडघाभर चिखलात. तिचा भाऊ मारोतराव आणि गावच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या डॅनिश इंग्रिडबाई धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येतात.)

बायजाबाई : थांब, मारोत! भाऊ असला म्हणून का झालं? भंडाऱ्याहून आला ना? रोवणीच्या बायांनी वाटसराची वाट अडवली, आता पानसुपारीचे पैसे टाक.

मारोतराव : घे बापा, घे. पण आधी माझं ऐक, ताई. उद्या दवाखान्याच्या अंगणात बाईंना निरोप द्यायचा आहे. बोलायचं माझ्याकडे आलंय. मी हौसेनं फलक रंगवून आणला, 'परदेशी पाहुण्या इंग्रिडबाई'. तो वाचला तेव्हापासून बाई गप्प आहेत.

इंग्रिडबाई : गप्प नाई. विचार करून राहिली. परदेशी म्हणजे कोन, मारोतराव?

मारोतराव : दुसऱ्या मुलखातून आलेला माणूस. वाईट शब्द नाही तो, बाई. मानानं लिहिलाय.

इंग्रिडबाई : मान तं लय झाला. खुर्ची मले, नवी कपबशी मले, तुमी समदे खाली. डेन्मार्कहून भाऊ म्हणते, काम झालं, ये आता. मी हो बी म्हणली नाई, अन् तुमचा फलक तयार! एकानं तरी 'थांब' म्हणलं असतं…

बायजाबाई : म्हणजे तुले जायाचं नाई?

इंग्रिडबाई : मले कोनी इचारलं?

बायजाबाई : अवो माय! मले वाटे, माहेरची ओढ कोनाले नसते? अन् कोन्या तोंडानं म्हणू, राहा म्हणून? बहात्तरच्या दुष्काळात माह्या घरधन्याची बोटं महारोगानं झडून राहिली होती. सोयरे ताट बी दुरून सरकवत. तू तो हात मांडीवर घेऊन धुतला. इतकं घेतल्यावर अजून काही मागाले जीभ रेटत नव्हती.

मारोतराव : तेच सांगणार आहे मी भाषणात. देवमाणूस आहे ही बाई!

इंग्रिडबाई : देव नका करू मले. देवाले तुमी खाली उतरू देत नाई. आता पाहा ना, तुमाले बायजानं अडवलं. मी याच धुऱ्यावरून इतक्या वर्षांपासून जाऊन राहिली, मले कदी कोनी अडवलं नाई.

बायजाबाई : तुले कायले अडवू? तू का वाटसरू आहेस?

इंग्रिडबाई : वाटसरू नाई, अन् चिखलातली बी नाई. मंग मी कोन? धुऱ्यावरचीच ना?

बायजाबाई : …खरं बोलली. चूक आमचीच आहे. मी नाकाडोंगरीची पोट्टी. लगन होऊन इथं आली तं सहा महिने परकीच होती. पहिल्या रोवणीले सासूनं हात धरून चिखलात वढलं, गालाले चिखल फासला. त्या दिसापासून मले कोनी परगावची म्हणलं नाई. अन् तुले आमी जपत बसलो. पांढरं लुगडं, खराब होईन म्हणून.

इंग्रिडबाई : लुगडं धुता येते, बायजा.

बायजाबाई : मंग दे हात.

मारोतराव : अगं ताई, घसरतील त्या! बाई, निदान चपला तरी…

इंग्रिडबाई : पकडा. दोन्ही.

बायजाबाई : आन तो गाल इकडं. हं! आता कोनी काई म्हणो. हे घे परे, धानाची रोपं. तीन-चार काड्या, बोटभर खोल. वाकून, वाकून!

मारोतराव : आणि मी उद्या काय बोलू? लोक जमतील ना!

बायजाबाई : सांग त्याईले, रोवणी सरल्याबिगर घरची बाई कुठं जात नाई.

मारोतराव : अन् रोवणी सरल्यावर?

बायजाबाई : मंग निंदन आहे. मंग कापणी आहे. तुले काहून घाई?

इंग्रिडबाई : बायजा, सरक थोडी. माही ओळ मागं पडून राहिली.