सुटत्या गाडीचा टोल

(हैदराबादचं काचीगुडा, १९५६. भाषावार राज्यं होऊन हैदराबाद राज्य तुटतंय. दसरा नुकताच झालेला. रुळांकाठचा बंद पडलेला जुना डेपो, म्हणजे पूर्वीचं छोटं स्टेशन. सत्यवतीबाई, दिवंगत स्टेशनमास्तरांच्या पत्नी, जनाना वेटिंगरूमच्या खिडक्या पुसतायत. वसंत, सचिवालयातला कारकून, दारात उभा.)

वसंत : नका जाऊ काकू. बदलीच्या साहेबाकडे जाऊन काही व्हायचं नाही.

सत्यवतीबाई : न व्हायला काय झालं? यूसुफमियांनी शेरवानीला इस्त्री करून ठेवलीय. इंजिनाची ड्रायव्हरकी सरली, पण माणूस बोलायला लागला की अजून समोरचा उठून उभा राहतो. सकाळी टांगा येणार. आम्ही दोघं सांगणार, हुजूर, आमच्या वसंताला मुंबई राज्यात नका धाडू. तो गेला की हा डेपोही गेला.

वसंत : डेपो कशाला जाईल?

सत्यवतीबाई : रेल्वेची अट तूच वाचून दाखवलीस ना? कारभार बघणारा इथला रहिवासी पाहिजे, नाहीतर पाडून टाकणार. आणि आता तर सगळं जमत आलंय. त्या खोलीत जुन्या वस्तू मांडायच्या, या खोलीत बायकांचं शिवण, संध्याकाळी पोरांचा अभ्यास.

वसंत : दुसऱ्या कुणाचं नाव देऊ.

सत्यवतीबाई : वस्तू तुझ्या शब्दावर दिल्यात लोकांनी. यूसुफमियांनी इंजिनचा कंदील दिला, शेजारच्या पद्मावतीनं बापाची गार्डाची टोपी. मी तर यांचा रुळाचा तुकडा दिला. याच रुळावर यांनी उभा जन्म गाडी सुटायचे टोल दिले. रिटायर होताना मागून घेतला होता, माझ्या तुळशीपाशी टांगलेला असायचा. एवढं कुणी दुसऱ्यासाठी केलं असतं का?

वसंत : काकू, माझी बदली कुणी केलेली नाही.

सत्यवतीबाई : म्हणजे?

वसंत : कुठल्या राज्यात जायचं म्हणून विचारलं होतं. मीच मुंबई लिहून दिलं.

सत्यवतीबाई : कधी?

वसंत : उन्हाळ्यात.

सत्यवतीबाई : डेपोची सभा तर श्रावणात झाली.

वसंत : हौ.

सत्यवतीबाई : त्या बाकावर उभा राहून तू म्हणालास, राज्यं तुटतील, मोहल्ला तुटणार नाही. यूसुफमियांनी डोळे पुसले रे!

वसंत : म्हणताना खरंच वाटत होतं. बाकावरून उतरलो आणि मुंबई लिहून दिलेला कागद आठवला. रोज ठरवायचो, आज सांगू. तुम्ही चहा पुढं करायच्या, मी चहा पिऊन घरी. लाज वाटते काकू. या खोलीत पाय ठेववत नाही.

सत्यवतीबाई : पण कायकू? इथं काय कमी होतं तुला?

वसंत : भीती वाटली. उद्या ऑफिसात सगळं तेलुगूत आलं तर मागं पडेन. आणि परभणीला आई एकटी आहे.

सत्यवतीबाई : आई काय यंदाच एकटी झाली?

वसंत : नाही. ते कारण मला नंतर सापडलं.

सत्यवतीबाई : तेलुगू येत नाही म्हणे! इतकी वर्षं भाजी काय संस्कृतात घेतलीस?

वसंत : एक कराल? लोकांना बदलीच झाली म्हणून सांगा. तेवढंच.

सत्यवतीबाई : नक्को. यूसुफमिया उद्या तुझ्यासाठी हात जोडणार आणि साहेब हसून सांगणार, यानंच तर मागून घेतलंय. त्या म्हाताऱ्यानं शेरवानी घालून हे ऐकायचं? चल, आत्ता जा आणि तुझ्या तोंडानं सांग.

वसंत : ते रागावणार नाहीत. पाणी विचारतील. तेच सोसणार नाही.

सत्यवतीबाई : सोसायचं. किल्ली ठेव इथं.

वसंत : आणि कारभारी म्हणून कुणाचं नाव?

सत्यवतीबाई : माझं लिही. मी चौथी शिकलेली आहे, पण रहिवासी तर आहे ना? यांना शेवटचं इथूनच नेलं. मी कुठलं राज्य मागू?

वसंत : काकू... मनमाडची गाडी डेपोवरूनच जाते. मी निघेन त्या दिवशी... नाही, मागायला तोंड नाही मला.

सत्यवतीबाई : टोल ना? आमची तारा सासरी निघाली तेव्हा सुटायचा टोल यांनीच दिला. पोर खिडकीत हुंदके देतेय. मी म्हटलं, थांबा हो जरा. तर म्हणाले, टोल देणाऱ्यानं डब्यात कोण बसलंय ते बघायचं नसतं. वेळेवर दिला, आणि मग ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

वसंत : मी याच बाजूच्या खिडकीत बसेन.

सत्यवतीबाई : बस. देईन मी टोल. पण मी काही यांच्यासारखी नाही रे वसंता. माझा हात उशिरा उठेल.