दाजींचा राग आणि दाजींची पुस्तकं

विहारात जमलेल्या सगळ्यांनो, कामधंदा सोडून आलात, बरं वाटलं. मला चार लोकांत बोलायची सवय नाही. त्यात नामदेवदाजींबद्दल बोलायचं, म्हणजे आणखी अवघड. मी त्यांचा मेहुणा, सुमनताईचा धाकटा भाऊ. गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलतात. मी जमेल तसं खरं बोलतो. ताईला विचारलंय.

दाजी रागीट होते. इथं कुणाला हे माहीत नाही? वाळूजला कंपनीत फिटर, कामात चोख. पण घरी भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिरकावायचे. प्रकाश बारावीला नापास झाला, तर त्याच दुपारी पोराला घराबाहेर काढलं. तो फर्दापूरला गेला, एका हॉटेलात कामाला लागला, तिथंच राहिला. बापलेकाचं बोलणं बंद झालं. कित्येक वर्षं.

त्या काळात दाजी पुस्तकं वाचायला लागले. क्रांती चौकाकडून जुनी पुस्तकं आणायचे. श्रीमंत कसं व्हावं, पहाटे कसं उठावं, लोकांची मनं कशी जिंकावीत. श्रीमंत झाले नाहीत. पहाटे उठणं आठवडाभर टिकलं. मी म्हणायचो, दाजी, वाचून स्वभाव सुधारला असता तर पुस्तकवाला संत झाला असता. ते म्हणायचे, "हस तू. मला लई सुधारायचंय."

मग रागावरचं एक पुस्तक आलं. तेच परत परत वाचायचे. फरक पडला का? मी ताईला विचारलं होतं. ती म्हणाली, "राग तेवढाच हाय. आता उठून बाहेर जातात."

एके दिवशी दाजी म्हणाले, "फर्दापूरला चल माझ्यासंगं." आम्ही एसटीनं गेलो. प्रकाश गल्ल्यावर होता. बापाला बघून म्हणाला, "आता काय शिकवायला आलात?" गिऱ्हाइकांसमोर. दाजींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, झालं आता. दाजी वळले, बाहेर जाऊन रस्त्याकडेला उभे राहिले. बराच वेळ. मग आत आले. म्हणाले, "त्या दिवशी मी चुकलो, प्रकाश. तुला बाहेर काढायला नको होतं."

प्रकाशनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाला, "बसा. चहा सांगतो."

एवढंच. गळ्यात पडणं नाही, रडणं नाही. नंतर तो अधूनमधून घरी यायला लागला.

परतताना एसटीत मी विचारलं, हे पुस्तकात लिहिलं होतं का? दाजी म्हणाले, "व्हय. पण माफी मागावी, हे मला आधीबी माहीत होतं. रोज वाचायचो, म्हणून रोज लाज वाटायची. शेवटी निघालो."

पुस्तकं वाचून माणूस सुधारतो का? मला अजूनही तसं वाटत नाही. दाजी शेवटपर्यंत रागीटच राहिले. दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या सिस्टरवरही ओरडले. पण तेव्हा पलंगाशेजारी प्रकाश बसलेला होता. तो म्हणाला, "बाबा, हळू." आणि दाजी गप्प झाले.

हे मी पाहिलंय. ते पुस्तकामुळं झालं का दाजींमुळं, ते तुम्ही ठरवा.

आता सगळे उभे राहू. दाजींसाठी थोडा वेळ काहीच बोलायला नको. प्रकाश, तू ताईजवळ उभा राहा.