वाफ समोर दिसली पाहिजे

...आणि वर विचारतात, धंदा कसा चाललाय! काय सांगायचं हो? वीज महाग, साबण महाग, कोटावर घालायची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा महाग, आणि आपण दात काढून म्हणायचं, "एकदम झकास!" तुम्हाला सांगतो, लॉन्ड्रीच्या धंद्यात खरं बोलायची सोयच नाही. मंदी म्हटलं की साबणवाला उधारी बंद करतो! आमच्या सौ. म्हणतात, "अहो, मग दर वाढवा ना." वाढवा काय वाढवा! रस्त्यापलीकडे दुसरी लॉन्ड्री आहे, तिचा मालक माझ्या दराच्या पाटीवर डोळा ठेवून, मी त्याच्या... आधी दर वाढवून मरणार कोण?

मग काय, देखावा! सकाळी उठून इस्त्रीचं मशीन रिकामंच चालू करायचं. का? वाफ! वाफ समोर दिसली पाहिजे! दांडी मोकळी दिसते म्हणून घरातलेच कपडे पिशव्या घालून टांगले. माझा लग्नातला कोट, पोरीचा गणवेश, सासऱ्यांची विजार... सासरे टॉवेल गुंडाळून दारात, "जावईबापू, विजार कधी मिळेल?" मी म्हटलं, "संध्याकाळी या." सवयीनं निघालं हो तोंडातून!

आणि ही वाफ बघितली कोणी? जागामालकानं! "वा, जोरात चाललंय की! भाडं वाढवूया." आता रडायचं तरी कोणत्या तोंडानं? मी म्हटलं, "हो ना, एकदम झकास!"

जीव घुसमटतो हो, खरंच. छातीवर कोणीतरी गरम इस्त्री ठेवून विसरून गेल्यासारखं वाटतं. शेवटी ठरवलं, विकून टाकायचं दुकान. कोणाला? समोरच्याला! त्याची दांडी गच्च, वाफ माझ्या दुप्पट! शर्ट खोचला, पायरी उतरतो तर तोच रस्ता ओलांडून माझ्याकडे! त्याचाही शर्ट खोचलेला!

"दादा, माझं दुकान घेता का? तुमचं एकदम झकास चाललंय, म्हणून म्हटलं..."

मी मटकन पायरीवर बसलो. "अरे, आणि तुझी दांडी?"

"सगळे वडिलांचे कोट, दादा."

"आणि वाफ?"

"तुमची बघून सोडतो."

हसलो हो आम्ही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. किती दिवसांनी कोणापाशी खरं बोललो असेन मी! म्हटलं, मर्दा, उद्या दोघं मिळून दर वाढवू, एकदमच पाट्या बदलू... हात पुढे केला, तेवढ्यात एक अनोळखी माणूस येऊन उभा. चांगला कडक शर्ट. "काय हो, लॉन्ड्रीचा धंदा कसा आहे इकडे?"

दोघंही एका सुरात, "एकदम झकास!"

"वा! मग बरं झालं," म्हणाला, "कोपऱ्यावरचा गाळा घेऊनच टाकतो. मीही लॉन्ड्रीच काढतोय."

आता सकाळी तिघांची वाफ निघते. आणि त्या नव्याची माझ्यापेक्षा जास्त दिसते हो!