सब्रीची मान

(कैरो. नटांच्या क्लबातला कोपरा. म्हातारा विनोदी नट बहगत आणि रेडिओवर काम करणारी नेवीन समोरासमोर. चहा निवून गेलेला.)

बहगत : बंद कर म्हटलं ना ते यंत्र! हसवणं म्हणजे काय मुलुखियाची भाजी आहे, कृती सांगायला?

नेवीन : बाकीच्या नटांनी सांगितली. सगळे एकच म्हणाले, हशा चपराकीत नसतो, चपराकीनंतरच्या थांबण्यात असतो. आणि ते थांबणं सब्रीकडून शिकावं.

बहगत : सब्रीकडून? माझ्या चपराकीला मान पुरवायचा तो. मान तर गाढवालाही असते.

नेवीन : मग गाढवालाच मारायचं होतंत. बघितलं असतं, किती लोक हसतात ते.

बहगत : जीभ फार चालते गं तुझी. कोणाची कोण तू?

नेवीन : त्याच मानेची मुलगी.

बहगत : अस्सं! म्हणजे मुलाखतीच्या नावाखाली भांडण आणलंयस.

नेवीन : हो, आणलंय. बाबांना नाटकातून का हाकललंत, ते तुमच्या तोंडून रेडिओवर ऐकायचंय मला.

बहगत : चोर होता म्हणून! मी चपराक हाणायचो, थिएटर हसायचं, आणि हा मान खाली घालून गप्प. हशा विरेपर्यंत हलायचा नाही. मग सावकाश वर बघायचा, की दुप्पट हशा. मेहनत माझी आणि हा आयत्या बिळावर नागोबा! शेजारी उभा राहून पुटपुटायचो, ‘आटप रे, आटप!’ ढिम्म!

नेवीन : तुमच्या बाजूचा कान गेला होता त्यांचा.

बहगत : खोटं! मी मानेवर मारायचो.

नेवीन : सुरुवातीला मानेवर. हशा वाढत गेला, तसा तुमचा हात वर सरकला.

बहगत : (निवलेला चहा दूर सारतो.)

नेवीन : चपराक बसली की डोक्यात नुसता घणघणाट. लोक हसतायत की थांबलेत, काही कळायचं नाही. म्हणून मान खाली. रंगमंचाखाली बसलेल्या डफवाल्याचे खांदे बघायचे ते. हसून हसून हलणारे खांदे थांबले, की मान वर.

बहगत : चालू कर ते यंत्र.

नेवीन : काय सांगणार?

बहगत : थांबणं सब्रीचं होतं. झालं समाधान? पण गाढव होताच तुझा बाप! ‘दुसऱ्या बाजूने मार’ म्हणायला तोंड नव्हतं त्याला?

नेवीन : आईनेही हेच विचारलं होतं. म्हणाले, त्या बाजूला प्रेक्षक असतात. बहगतच्या हाताआड माझा चेहरा दिसणार नाही.