आजीची तेलाची बाटली

(टण्ण! तेलाच्या बाटलीचं झाकण फरशीवर पडून घरंगळत जातं.)

चिमी : मी नाही पाडलं. आपोआप पडलं.

आई : हो, पाय फुटलेत त्याला. आण इकडे. बस, वेणी घालते.

चिमी : तू ओढतेस. आजी नाही ओढत.

आई : आजी आता काकाच्या घरी. मान सरळ ठेव.

चिमी : आणि तिची बाटली इथे कशी?

आई : सकाळी विमानतळावर तपासणीत मीच काढून घेतली. एवढी मोठी बाटली हातातल्या पिशवीत चालत नाही. बाहेर बाबा थांबले होते, त्यांच्याकडे दिली.

चिमी : आजीची पण काढलीस?

आई : वर्दी घातली की मला सासू नसते. शेजारची रांग मोकळी होती, पण आजी माझ्याच रांगेत. म्हणे, झडती द्यायची तर सुनेलाच देईन.

चिमी : पण तिला माहीत होतं.

आई : काय?

चिमी : बाटलीचं. तू रोज जेवताना सांगतेसच की, आज कोणाचं काय काढलं. परवा तिने मला विचारलं, तर मी म्हटलं, मोठ्या बॅगेत ठेव. ती म्हणाली, बरं. आणि छोट्या पिशवीतच ठेवली.

(आई बाटली तिरकी धरून तेल ओततच राहते.)

चिमी : आई, तेल कपाळावर येतंय.

आई : सरळ दिली असती तर मी घेतली नसती ना. राहू द्या, तुम्हाला लागेल, म्हटलं असतं. लबाड कुठली.

चिमी : विमानतळ झालाच नसता तर ती गेली नसती.

आई : कशी जाणार? दोन दिवसांचा रस्ता, त्यात तिला गाडी लागते. काका नुसताच 'ये, ये' म्हणायचा. तेव्हा विमानतळाच्या जागी माळावर शेळ्या चरायच्या. आता दिवसाला अकरा विमानं.

चिमी : आणि तुझी नोकरीपण नसती.

आई : नसतीच. फॉर्म तिनेच भरायला लावला. म्हणाली, पोरीला मी बघते, तू जा.

चिमी : काका किती लांब आहे?

आई : आता कुठला लांब! दीड तास. तुझी अंघोळ आणि नखरे धरून तेवढाच वेळ लागतो.

चिमी : म्हणजे ती पटकन येईल.

आई : 'येते' म्हणूनच गेली ना.

चिमी : काकाने पाठवलेलं तिकीट मी पाहिलं. ते जायचं होतं. यायचं कोणाकडे आहे?