एकच हेड

मयूर विहारला दिल्ली मेट्रोत क्षिप्राशेजारी एक जोडपं येऊन बसलं. बऱ्याच दिवसांनी कानावर मराठी पडलं, म्हणून तिने मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

“मग मीटिंगमध्ये काय ठरलं?”

“युनिव्हर्सिटीचं बजेट कापलंय. आमचं आयटी आणि लायब्ररीचं आयटी एकत्र करणार. दोघांपैकी एकच हेड राहणार.”

“आणि तो तू नाहीस.”

“मीच आहे, सुरेखा. माझी पोस्ट वाचली.”

“अच्छा.”

“नुसतं अच्छा? बरं नाही वाटलं?”

“वाटलं ना. फक्त मी पुण्यात सगळ्यांना सांगून बसले होते, सुजय आता बहुतेक परत येतोय म्हणून. आपल्या ऋग्वेदने तर बाबासाठी म्हणून कपाटातला एक खणही रिकामा केलाय.”

“मला आधी सांगायचंस ना.”

“तुझी नोकरी जाऊ दे, असं कुठल्या तोंडाने सांगणार?”

“तो दुसरा हेड विनवत होता, मला ठेवा म्हणून. त्याचं घरदार इथेच आहे.”

“मग तू काय म्हणालास?”

“काहीच नाही. इतकी वर्षं तुम्हाला सोडून राहिलो आणि शेवटी नोकरीही घालवून आलो, असं नको वाटलं.”

क्षिप्राचं स्टेशन आलं. ती उठली नाही.

“अजून विचारता येईल तुझ्या साहेबांना, त्या दुसऱ्यालाच ठेवा म्हणून?” सुरेखाने विचारलं.

“उद्या ऑर्डर निघेल.”

“म्हणजे आज विचारता येईल.”

सुजयने खिशातून मोबाइल काढला. मग त्याने साहेबांना फोन लावला.

“सर, नमस्ते. सुजय बोल रहा हूँ. वो हेड वाली पोस्ट के बारे में एक बात करनी थी.”