वायफाय तपासायला आलेला माणूस

आमच्या उचगावच्या घरातलं इंटरनेट मी काल काढून टाकलं. का, ते ऐका, म्हणजे तुमचंबी डोकं फिरंल.

माझी लेक सुप्रिया नोकरीच्या मुलाखतीला बसलती, घरातच, कॉम्प्युटरपुढं. पहिल्याच प्रश्नाला तिनं तोंड उघडलं आणि पडद्यावरचे साहेब जाग्यावर थिजले. परत जोडणी होईपर्यंत मुलाखत संपलेली. पोरगी ढसाढसा रडली. पुष्कळ विनवण्या केल्यावर त्यांनी दुसरी वेळ दिली.

मी इंटरनेटवाल्यांना फोनवर चांगलंच झापलं. तवा कुठं त्यांचा माणूस आला. वायरीला हातबी न लावता त्यानं खिशातला मोबाईल काढला, स्पीड तपासला आणि माझ्या नाकापुढं धरला.

"बघा अण्णा, लई चांगला स्पीड हाय. तुमचा कॉम्प्युटर जुना असंल."

"नवा हाय रं! दिवाळीतच आणलाय."

"मग पोरीनंच काहीतरी चुकीचं दाबलं असंल."

माझं रक्तच तापलं. पण सुप्रिया आतनं शांतपणे आली. "दादा, मोबाईल बघू जरा." तिनं तो हातात घेतला आणि म्हणाली, "ह्याला आमचं वायफाय जोडलंयच कुठं? हा तर तुमच्या सिमकार्डाचा स्पीड हाय!"

मला वाटलं, आता तरी हा मान खाली घालंल. कसलं काय!

"व्हय आक्का," तो म्हणाला, "तुमच्या वायफायवर स्पीड तपासायचं पानच उघडंना, मग काय करणार?"